घर गोड वागायला लागलं

छातीची तपासणी का करून घेत नाहीस, असं देल्फिनाला कुणी विचारलं, तर तिच्याकडे कारणांना कधी तोटा नसायचा. द्राक्षांचा हंगाम आहे, पॅकिंगच्या शेडमधून सुट्टी कोण देतं? हंगाम संपला की गुडघा दुखायचा, मग आधी त्याचं बघू. गुडघा बरा होईपर्यंत नाताळ तोंडावर आलेला असायचा. आणि सगळी कारणं संपली, तर एक ठेवणीतलं होतंच. देवाने जे लिहिलंय ते त्यांचं यंत्र थोडंच पुसणार आहे? तिने असा देवाला मध्ये घातला, की दवाखान्यातली ती चुणचुणीत नर्ससुद्धा हसून पुढच्या बाईकडे वळायची.

खरं कारण ती कुणाला सांगत नसे. तिची आई छातीच्याच आजाराने गेली होती, तिकडे सीमेपलीकडे, मिचोआकान प्रांतातल्या गावी. तेव्हापासून देल्फिनाची पक्की खात्री होती, की तो आपल्याही अंगात कुठेतरी दबा धरून बसलाय. जोवर कुणी बघत नाही तोवर तो नाही, असा तिचा हिशेब. हिशेब चुकतोय हे तिलाही कळत होतं, पण भीतीला कुठे गणित येतं? शिवाय लाज होती ती वेगळीच. नवरा तेयो, त्यानेसुद्धा इतक्या वर्षांच्या संसारात तिला कधी दिव्याच्या उजेडात पाहिलं नव्हतं. तिथे परक्याच्या हाती अंग द्यायचं म्हणजे तिच्या अगदी जिवावर यायचं.

त्या घरात त्या आजाराचं नावही कुणी घेत नसे. 'ते' म्हणायचे. अमकीला ते झालं होतं, असं आवाज खाली आणून बोलायचं आणि लगेच छातीवर क्रूस काढायचा. कॅलिफोर्नियाच्या त्या खोऱ्यात येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. मुलगी न्येवेस इथेच शिकली, तिची लेक इत्सेल तर इंग्रजीतच भांडायची. पण 'ते' तेवढं गावाकडून जसं आणलं होतं तसंच राहिलं होतं.

मग आंपारो मध्ये पडली. आंपारो ही देल्फिनाची कोमाद्रे, म्हणजे न्येवेसच्या बाप्तिस्म्याला तिला कडेवर घेऊन देवासमोर शब्द दिलेली धर्ममाता. दोघी एका गावच्या. लहानपणी अगं-तुगं करत लोकांचे पेरू चोरायच्या, पण बाप्तिस्मा झाला त्या दिवसापासून 'अहो कोमाद्रे' सुरू झालं ते आजतागायत. भांडणंसुद्धा अहो-जाहो करूनच व्हायची. आणि भांडणं भरपूर व्हायची, कारण आंपारोला देल्फिनाच्या हातचं काहीही आजवर पसंत पडलं नव्हतं. मोले, म्हणजे वाटलेल्या मिरच्यांचा तो दाट रस्सा, खाऊन ती ओठ चाटायची, थोडा विचार करायची आणि म्हणायची, "काहीतरी कमी आहे, कोमाद्रे. काय ते सांगता येत नाही."

एका रविवारी मिस्सा संपल्यावर पाद्रीबाबांनी सांगितलं, की बाहेर पटांगणात तपासणीची गाडी आली आहे, बायकांनी लाजू नये. बायका लाजल्या. निम्म्या मागच्या दाराने निघून गेल्या. देल्फिनाही त्याच वाटेला लागली होती, तेवढ्यात आंपारोने तिचा दंड धरला.

"मी नाव दिलंय," ती म्हणाली.

"द्या की. मी कशाला हवी?"

"मला एकटीला भीती वाटते."

"भीती वाटते तर जाऊ नका. सोपं आहे."

"कोमाद्रे," आंपारो म्हणाली, "मी आजवर तुमच्याकडे काही मागितलंय?"

मागितलं होतं, पुष्कळ वेळा मागितलं होतं. पण कोमाद्रेने असं तोंडावर मागितलं की नाही म्हणायची सोय नसते. देल्फिना कुरकुरत गाडीत चढली.

आत एक तरुण मुलगी होती, आपल्याचकडची, बोलायला गोड आणि हाताला गार. पुरुष कुणी नव्हता, एवढं बरं होतं. तिने देल्फिनाचा फोन नंबर विचारला. अनोळखी नंबर दिसला की देल्फिना फोन उचलतच नसे, म्हणून तिने न्येवेसचा देऊन टाकला. मग त्या दोन थंडगार पट्ट्या, श्वास धरा, सोडा. देल्फिनाने डोळे मिटून मनातल्या मनात ग्वादालूपेच्या माऊलीचा धावा केला. दुखलं, पण तिने मनात धरलं होतं त्याच्या पावपटही नाही.

बाहेर आल्यावर आंपारो ब्लाऊज सारखा करत म्हणाली, "यंत्र कसलं, तोर्तियाच्या भाकऱ्या दाबायचा साचा आहे तो. माझ्या दोन चांगल्या पातळ झाल्या. तुमच्या?"

देल्फिना इतकी हसली, की पटांगणात रेंगाळलेल्या बायका वळून बघायला लागल्या. घरी जाताना तिला हलकं वाटत होतं. सुटले एकदाची, आता पुढची दोन वर्षं तरी कुणी मागे लागणार नाही, असं तिला वाटलं. तपासणी करून घेतली म्हणजे आजार टळलाच, अशीही एक वेडी समजूत तिने वाटेतच करून घेतली.

घरात तेव्हा इत्सेलच्या पंधराव्या वाढदिवसाची धामधूम चालली होती. मुलगी पंधराची झाली की थाट लग्नाइतकाच असतो, आणि भांडणंही. न्येवेसला बाहेरून भाजलेलं मांस मागवायचं होतं. देल्फिना म्हणत होती की मोले होईल, तो मी करीन, आणि ज्याला नको त्याने उपाशी राहावं. झग्याचा रंग हा वेगळा वाद. न्येवेसला फिरोजी हवा होता, देल्फिनाला गुलाबी, आणि इत्सेलला काय हवं ते कुणी विचारलं नव्हतं. मायलेकी रोज फोनवर तासभर कडकडायच्या. तेयो बिचारा टीव्हीवरच्या फुटबॉलचा आवाज वाढवायचा.

मग एका मंगळवारी न्येवेस कामावरून परस्पर आईकडे आली आणि म्हणाली, "अमा, मी विचार केला. मोलेच करू या."

"काय?"

"तू म्हणतेस तेच बरोबर आहे. आणि झगाही गुलाबीच घेऊ."

देल्फिनाला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण अगदी थोडा वेळ. भांडण असं अर्ध्यावर जिंकलं की त्यात मजा नसते. तिने लेकीकडे पाहिलं. लेक ओट्यावरचा स्वच्छ कप पुन्हा विसळत होती.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तेयो उठला आणि भांडी घासायला लागला. तेयोला त्या घरात स्पंज कुठे असतो हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. आणि नव्हतंच. त्याने ताटं हातानेच चोळली.

"म्हाताऱ्या, बरं वाटत नाही का तुला?" देल्फिनाने विचारलं.

"मला काय झालंय? तू बस. दिवसभर उभी असतेस."

"तीस वर्षं उभी आहे. आज दिसले होय पाय?"

 तेयो पाठ वळवून कढई घासत राहिला, घासतच राहिला. शनिवारी इत्सेल आली. एरवी फोनमधून डोकं वर न काढणारी ती पोर आजीच्या पायाशी बसली आणि पाय चेपू लागली. कुणीतरी शिकवून पाठवलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आणि आंपारो तर रोज यायला लागली. कधी कोंबडीचा रस्सा घेऊन, कधी गोड पाव घेऊन. देल्फिनाने मोलेसाठी मिरच्या भाजून वाटण करून पाहिलं होतं, ते तिने बोटाने चाखलं आणि म्हणाली, "वा, कोमाद्रे. यात काही म्हणजे काही कमी नाही."

तेव्हा मात्र देल्फिनाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वाटणात मीठ घालायचं राहिलं होतं, ते तिला स्वतःला माहीत होतं.

त्या रात्री ती आढ्याकडे बघत पडून राहिली. सगळे असे एकदम गोड का वागायला लागले, याचं उत्तर तिला शोधावं लागलं नाही. ते तिला पाठच होतं. घरात एखाद्याशी सगळ्यांनी भांडणं बंद केली, की त्या माणसाला 'ते' झालेलं असतं आणि त्याला सांगायचं नाही असं ठरलेलं असतं. सांगितलं की माणूस खचतो, हातपाय गाळतो आणि आठवड्याभरात जातो, असं त्यांच्याकडे सगळ्यांचं मत. आईच्या वेळी त्यांनी हेच केलं होतं. मोरेलिया शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलेलं भावाभावांनी वाटेतच गिळून टाकलं आणि आईला सांगितलं, की गाईने शिंग मारलं होतं ना, त्याचीच सूज आहे, मलमाने उतरेल. देल्फिना तेव्हा बावीस वर्षांची होती. मलम तीच लावायची.

पण अजून तिची पुरती खात्री नव्हती. माणूस शेवटपर्यंत आशा धरतं. कदाचित लोक खरंच सुधारले असतील, आता म्हातारपणी. म्हणून रविवारी सगळे जेवायला येणार होते, तेव्हा तिने पोसोले करायला घेतलं. मक्याचे जाड दाणे, डुकराचं मांस, लाल मिरचीचं वाटण, सगळं नेहमीसारखं. उतरवायच्या आधी तिने मिठाची बरणी उचलली आणि एक मूठ टाकली. थोडं थांबली. मग आणखी एक मूठ टाकली. एवढं चांगलं मांस, तिचा जीव हळहळला, पण इलाज नव्हता.

सगळे बसले. तेयोने पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यात पाणी आलं. तो गिळून म्हणाला, "छान झालंय, म्हातारे."

न्येवेसने मुळा घातला, लिंबू पिळलं, पुन्हा लिंबू पिळलं आणि मान खाली घालून खात राहिली. इत्सेलने "आजी, हे..." म्हणून तोंड उघडलं, तसा टेबलाखालून तिला पाय बसला. पोरीने तोंड मिटलं आणि पाण्याचा ग्लास रिकामा केला.

आता एकच उरली होती. देल्फिना आंपारोकडे बघत राहिली. जिने चाळीस वर्षांत हिच्या हातच्या साध्या भातालाही नाक मुरडलं होतं, तिने वाडगा संपवला, तोंड पुसलं आणि वाडगा पुढे केला. "अजून थोडं वाढा ना, कोमाद्रे," ती म्हणाली. तिचे ओठ मिठाने पांढरे पडले होते.

देल्फिनाने डाव खाली ठेवला.

"डाव्या बाजूला आहे की उजव्या?" तिने विचारलं.

 तेयो भिंतीवरच्या माऊलीच्या तसबिरीकडे बघायला लागला. आंपारोने पुढे केलेला वाडगा तसाच धरून ठेवला होता.

"अमा, कशाबद्दल..."

"न्येवेस. डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे," न्येवेस म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दवाखान्यातून फोन न्येवेसला आला होता. फोटोत काहीतरी दिसतंय, बाईंनी पुन्हा येऊन नीट तपासून घ्यावं, लवकरात लवकर. न्येवेसने आवाज बदलून मीच देल्फिना आहे असं सांगितलं, आणि तारीख घेतली ती वाढदिवस उलटून गेल्यावरची, तीन आठवड्यांनंतरची. नातीचं सुख तरी तुला धड डोळ्यांनी बघू दे, असं वाटलं, ती हुंदके देत सांगत होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं. तेयोने ठरवलं, आंपारोने ठरवलं.

"मी नाही ठरवलं," तेयो पुटपुटला. "मला नुसतं सांगितलं."

"आणि तू लगेच भांडी घासायला लागलास," देल्फिना म्हणाली. "म्हणजे जगाला कळावं."

तिला राग आला होता. माझ्या अंगातली गोष्ट, आणि माझ्याखेरीज सगळ्या घराला माहीत. ती चांगलं खडसावायच्या बेतात होती. पण समोर न्येवेस डोळे पुसत बसली होती, आणि वेळेला काहीतरी खरं बोलायचं म्हणून की काय, देल्फिना म्हणाली, "मला आधीच कळलं होतं. तुमच्या तोंडावर लिहिलं होतं सगळं. आंधळीलासुद्धा कळलं असतं."

हे बोलली मात्र, आणि ती खुर्चीत खाली बसली.

आंधळीलासुद्धा. मग आईला? आई तर घारीच्या नजरेची बाई. कोंबड्यांतली एक कमी झाली तरी तिला अंगणातून कळायचं. जो थोरला भाऊ जन्मात कधी नीट बोलला नाही, तो रोज संध्याकाळी येऊन तिच्या हाताचं चुंबन घ्यायला लागला, ते काय तिला दिसलं नसेल? आणि देल्फिना मलम लावत असताना ती रोज विचारायची, "थोडी उतरलीय ना गं सूज?" देल्फिना म्हणायची, "उतरलीय, अमा." आई म्हणायची, "मलाही वाटतंच आहे." इतकी वर्षं देल्फिनाने मनाशी एक समाधान जपलं होतं, की आपण खोटं बोललो पण आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, ती निर्धास्त गेली. आता या टेबलाशी बसून तिला कळलं, की आई तिला विचारत नव्हतीच. ती देल्फिनाला धीर देत होती. तिला सगळं माहीत होतं, आणि लेकरांनी एवढं मन लावून नाटक मांडलंय ते मोडायला नको, म्हणून तीही त्यात काम करत राहिली. एकटी. रोज संध्याकाळी.

देल्फिना तोंड झाकून रडली. सगळ्यांना वाटलं ती स्वतःसाठी रडतेय. आंपारोने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला सुचली ती एकच गोष्ट बोलली.

"पोसोले खारट झालंय, कोमाद्रे. खाववत नाही."

"ठाऊक आहे," देल्फिना डोळे पुसत म्हणाली. "ओतून टाका ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने न्येवेसला समोर बसवून दवाखान्याला फोन लावायला लावला. आधी घेतलेली तारीख नको, या आठवड्यातली द्या. आंपारोला तेवढी एक शंका होती. तिचा रिपोर्ट चांगला आला होता, त्यामुळे ती जरा अपराध्यासारखीच वावरत होती. "त्यांनी कापलं आणि आत हवा गेली तर?" ती हळूच म्हणाली. "हवा लागली की ते पसरतं म्हणतात. तुमच्या आईचंही..."

"आईला कुणी हातसुद्धा लावला नाही," देल्फिना म्हणाली. "हवा कुठून जाणार?"  देल्फिनाला स्वतःलाही त्या हवेची भीती होती, नव्हती असं नाही. पण ते बोलून दाखवून आंपारोला सोबतीला मिळवायचं तिने टाळलं.

गुरुवारी मायलेकी गेल्या. पुन्हा फोटो झाले, मग थंड जेल लावून दुसऱ्या यंत्राने बराच वेळ पाहिलं. नंतर त्यांना एका लहान खोलीत बसवलं. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे, पण इंग्रजीतून. दुभाष्या बाई फोनवर घेता येईल, असं ते म्हणाले आणि त्यांनी फोन पुढे केला.

"नको," देल्फिना म्हणाली. "माझी लेक सांगेल."

"अमा, ती बाई नीट सांगेल. मला ते सगळे शब्द..."

"फोनमधल्या बाईला माझ्या घरी येऊन राहायचं नाहीये. तू सांग. ते म्हणतील तेच सांग, कमी नाही आणि जास्त नाही."

डॉक्टर बोलू लागले. बोलताना ते देल्फिनाकडे बघत होते, त्यामुळे तीही त्यांच्याकडे बघत राहिली. मध्येच तो एक शब्द येऊन गेला. इंग्रजीतही तो जवळपास तसाच होता, त्यामुळे तो तिला कळला.  तिने लेकीकडे मान वळवली आणि वाट बघितली.

"ते म्हणतात," न्येवेस म्हणाली, "एक लहान गाठ आहे. हरभऱ्याएवढी."

"आणि?"

"सुईने त्यातलं थोडं काढून तपासायचं आहे. पुढच्या आठवड्यात."

"आणि?"

न्येवेसने मान खाली घातली. डॉक्टरही थांबले होते, त्यांना भाषा येत नव्हती, पण काय अडलंय ते कळलं असावं. देल्फिनाला तो शब्द स्वतः म्हणता आला असता. लेकीची सुटका झाली असती. पण तिने तो म्हटला नाही. ती थांबून राहिली.

"अमा, ते म्हणतात कॅन्सर असू शकतो," न्येवेस शेवटी म्हणाली. या वेळी शब्द पुरता बाहेर आला. "त्यांना वाटतंय बहुतेक असेलच. पण तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाहीत. लहान आहे, वेळेवर सापडलाय, उपचार केले तर बरं व्हायची पुष्कळ आशा आहे, असंही म्हणाले. ते मी माझ्या मनचं नाही सांगत. तेच म्हणाले."

"कळलं," देल्फिना म्हणाली.

तिने डॉक्टरांकडे बघून मान हलवली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मला भीती वाटतेय, न्येवेस," ती म्हणाली. माणसांनी भरलेल्या त्या गावच्या घरात तिच्या आईला हे एवढं वाक्य म्हणायला एकही माणूस मिळालं नव्हतं.

"मलापण, अमा," न्येवेस म्हणाली आणि खुर्ची ओढून तिला चिकटून बसली.